समुद्रकाठची जुनी गाडी : वाचकांचे प्रश्न

समुद्रकाठच्या शहरांतल्या विंटेज मेळाव्यांबद्दल आणि खाऱ्या हवेत जुनी गाडी सांभाळण्याबद्दल आलेल्या पत्रांतले हे निवडक प्रश्न. एकसारखे प्रश्न एकत्र केले आहेत.

प्रश्न : आमची १९३८ सालची सलून गाडी दर वर्षी समुद्रालगतच्या रस्त्यावर मेळाव्याला जाते. परत आल्यावर धुतो, पुसतो, वॅक्स लावतो. तरीही दोन वर्षांत चारही दरवाजांच्या खालच्या कडांना रंग फुगला. काय राहून जाते?

तुम्ही गाडी बाहेरून धुता आणि गंज आतून येतो. समुद्राच्या हवेतल्या मिठात सोडियम क्लोराइडबरोबर मॅग्नेशियम क्लोराइडही असते. हवेतली आर्द्रता साधारण ७५ टक्क्यांवर गेली की सोडियम क्लोराइड पाणी ओढून ओले होते. मॅग्नेशियम क्लोराइडला मात्र ३३ टक्के पुरतात. त्यामुळे आपल्याला कोरडा वाटणाऱ्या दिवशीही पत्र्यावरचा मिठाचा थर ओलाच असतो आणि गंज चालू राहतो.

दरवाजाची रचनाच अशी असते की काचेवरून ओघळणारे पाणी फेल्टच्या पट्टीमधून आत जाणार आणि तळाच्या भोकांतून बाहेर पडणार. ही तीन-चार भोके माती, फेल्टचे तुकडे आणि बऱ्याचदा मागच्या रंगकामातल्या रंगानेच बुजलेली असतात. मग खारे पाणी दुमडलेल्या शिवणीत साचून राहते. दरवाजाचे आतले पॅनल काढा, प्लास्टिकच्या केबल टायचे टोक भोकांत फिरवून ती मोकळी करा आणि साध्या नळीने, कमी दाबाने, गोडे पाणी आत सोडा. भोकांतून येणारे गढूळ पाणी स्वच्छ होईपर्यंत थांबू नका. जेट पंप इथे वापरायचा नाही, कारण तो मीठ शिवणीत आणखी खोल ढकलतो. धुताना क्रम खालून वर ठेवा : मडगार्डच्या आतल्या कडा, स्प्रिंगच्या पात्यांमधल्या फटी, सिल (दरवाजांखालची पोकळ पट्टी), चॅसीचे पेटीसारखे भाग, मग दरवाजे, आणि सर्वांत शेवटी रंगाचा दर्शनी पत्रा. हे मेळाव्याच्याच दिवशी व्हायला हवे, पुढच्या रविवारी नव्हे.

धुतल्यावर दरवाजे उघडे ठेवून पाणी निथळू द्या, मग गाडी पंधरा-वीस किलोमीटर फिरवून आणा. ब्रेकचे ड्रम आणि स्प्रिंगा वाऱ्याने आणि उष्णतेने वाळतात. दरवाजा आतून पूर्ण वाळला की लांब नळीच्या नोझलने पोकळीत मारायचे वॅक्स शिवणीवर सोडा आणि भोके पुन्हा मोकळी आहेत ना ते पाहा.

रंग फुगला आहे तिथे मात्र वॅक्सने काही साधणार नाही. गंजाला मूळ लोखंडाच्या कित्येक पट जागा लागते, म्हणून रंग उचलला जातो. म्हणजे फुगवटा दिसला तेव्हा आतला पत्रा खाल्लेला असतो. स्क्रू ड्रायव्हरच्या मुठीने हलके ठोकून पाहा. आवाज बद्द आला किंवा पत्रा दबला, तर तेवढी पट्टी कापून नवी वेल्ड करणे हाच इलाज. वरून पुटी भरली तर ती ओल धरून ठेवते आणि शेजारचा चांगला पत्राही जातो.

प्रश्न : गॅरेज समुद्रापासून जवळ आहे. गाडीवर जाड प्लास्टिकचे कव्हर घालावे का?

नको. दिवसा तापलेली हवा रात्री थंड झाली की प्लास्टिकच्या आतल्या बाजूला थेंब जमतात आणि तेच पत्र्यावर पडतात. हवा आरपार जाऊ देणारे कापडी कव्हर घ्या, तेही गाडी धुऊन वाळल्यावरच घाला. खारट धूळ असलेल्या गाडीवर कव्हर ओढले तर रंगावर बारीक चरे पडतात. गॅरेजची जमीन ओल धरत असेल तर जाड प्लास्टिक जमिनीवर अंथरा. ते तिथे उपयोगी पडते.

प्रश्न : फेरीत गाड्या एकामागून एक अगदी सावकाश चालतात. मोकळ्या रस्त्यावर व्यवस्थित चालणारी आमची गाडी तिथे गरम होते, कधी नुसतीच बंद पडते आणि अर्ध्या तासाने आपोआप सुरू होते. रेडिएटर नवा घ्यावा का?

आधी दोन तक्रारी वेगळ्या करा. रेडिएटरच्या तोंडातून वाफ येते, काटा लाल भागात जातो, तेव्हा पाणी उकळते आहे. काटा जागेवर असताना इंजिन मिसिंग करत बंद पडते आणि थंड झाल्यावर काही न करता सुरू होते, तेव्हा बहुधा पेट्रोलची वाफ होऊन पंप रिकामा फिरतो आहे. (कॉइल किंवा कंडेन्सर गरम होऊन निकामी होत असेल तरी लक्षण असेच दिसते. बंद पडल्याबरोबर एक प्लग काढून ठिणगी पाहा. ठिणगी निळी आणि जोमदार असेल तर दोष पेट्रोलच्या बाजूला.)

पाणी उकळत असेल तर नव्या रेडिएटरआधी पाहण्यासारख्या बऱ्याच गोष्टी आहेत. फॅनच्या पट्ट्यावर दोन पुलींच्या मध्ये अंगठ्याने दाबा. साधारण १२ ते १५ मिलिमीटर खाली जायला हवा. इंजिन गरम असताना बंद करून, फॅन थांबल्यावर रेडिएटरच्या जाळीवरून हात जवळून फिरवा. मध्येच थंड पट्टे लागले तर त्या नळ्या बुजल्या आहेत. खालच्या होजची आतली बाजूही बघा. जुना होज आतून सोलवटतो आणि पंपाच्या ओढीने चिकटून वाट बंद करतो.

सर्वांत दुर्लक्षित जागा म्हणजे ब्लॉकच्या आतली मागची बाजू. वर्षानुवर्षे गंजाचा आणि क्षाराचा गाळ शेवटच्या सिलिंडरभोवती बसतो. ब्लॉकचा पाणी सोडायचा कॉक उघडून पाणी येत नसेल तर तो पूर्ण काढा आणि भोकात तार घालून ढवळा. चिकट तपकिरी चिखल निघेल. गोड्या पाण्याने उलट्या दिशेने धुवा आणि तो निघेपर्यंत धूत राहा. नवा रेडिएटर आणि आत हा गाळ, ही जोडी एका हंगामात नव्या नळ्याही बुजवते.

टायमिंगही तपासा. ठिणगी उशिरा पडली तर इंधन एक्झॉस्टपर्यंत जळत राहते आणि ती उष्णता पाण्यात येते. ज्या गाड्यांच्या स्टिअरिंगवर स्पार्क मागे-पुढे करायची काडी असते, त्यांचे चालक सुरू करताना ती मागे घेतात आणि फेरीभर तशीच ठेवतात. इंजिन सुरू झाले की ती पुढे ढकलायची.

दाब धरणारे झाकण बसवण्याचा सल्ला सर्रास दिला जातो. दर एक पीएसआय (चौरस इंचाला एक पौंड) दाबामागे पाण्याचा उत्कलनबिंदू साधारण दीड अंशाने वाढतो हे खरे, पण दुसऱ्या महायुद्धापूर्वीचे अनेक रेडिएटर बाहेरच्या हवेच्या दाबासाठीच बनवले आहेत. तिथे ७ पीएसआयचे झाकण लावले की टाकीचे सोल्डर फाटते. आणि उकळत्या इंजिनात थंड पाणी ओतू नका, ब्लॉकला किंवा हेडला तडा जातो.

पेट्रोलची वाफ होत असेल तर नळी एक्झॉस्टच्या किती जवळून जाते ते पाहा. ती शक्य तितकी लांब न्या, उरलेल्या भागावर उष्णतारोधक आवरण चढवा, पंप आणि एक्झॉस्टच्या मध्ये पत्र्याची आडभिंत बसवा. नळीला लाकडी चिमटे लावण्याचा उपाय बराच प्रसिद्ध आहे, पण त्याने उष्णता म्हणावी तशी निघत नाही. रस्त्यात अडकलात तर ओले फडके फक्त पेट्रोल पंपावर गुंडाळा, गरम ब्लॉकवर पाणी सांडू देऊ नका.

फेरीतल्या चालवण्याबद्दल : अर्धवट क्लचवर रांगत राहू नका. पुढच्या गाडीपासून अंतर वाढू द्या, मग पहिल्या गिअरमध्ये पूर्ण क्लच सोडून ते भरून काढा. थांबल्यावर न्यूट्रल. थांबा लांबला तर बंद करावी की चालू ठेवावी, याचे उत्तर गाडीच्या दोषावर अवलंबून आहे. पाणी उकळणारी गाडी बंद केलेली बरी. पेट्रोलची वाफ होणारी गाडी बंद केली की पंप उलट आणखी तापतो, कारण फॅनचा वारा थांबतो. ती थोड्या जास्त आरपीएमवर चालू ठेवा, आणि बंद करावीच लागली तर बॉनेट उघडून तोंड वाऱ्याकडे करा.

प्रश्न : हल्लीच्या इथेनॉलमिश्रित पेट्रोलने खरेच नुकसान होते का?

होते, पण ते टाळता येते. जुने रबरी होज, कॉर्कचे गॅस्केट आणि कॉर्कच्या फ्लोटवरचा (कार्ब्युरेटरमधल्या तरंगावरचा) शेलॅकचा, म्हणजे लाखेचा लेप इथेनॉलला टिकत नाहीत. शेलॅक विरघळून जेट बुजतात, होज मऊ पडून पाझरतात आणि बॉनेटखाली आग लागण्याचा धोका तिथूनच सुरू होतो. एसएई जे३० आर९ हे इंधनाच्या होजचे मानक छापलेले होज, व्हायटॉन या इंधनाला टिकणाऱ्या रबराचे टोक असलेली नीडल आणि पितळी फ्लोट बसवा. टाकी जुनी असेल तर सुरुवातीचे काही महिने गाळणी वारंवार उघडा, कारण इथेनॉल टाकीतला जुना थर सोडवून पुढे पाठवते.

दमट हवेतला खरा त्रास साठवणीचा आहे. इथेनॉल पाणी शोषते. १० टक्के इथेनॉल असलेले पेट्रोल सामान्य तापमानाला अर्ध्या टक्क्याच्या आसपास पाणी सामावून घेते, त्यापुढे पाणी आणि इथेनॉल वेगळे होऊन तळाला बसतात, आणि टाकीचा तळच गंजतो. गाडी महिनाभराहून जास्त उभी राहणार असेल तर टाकी काठोकाठ भरा म्हणजे वर दमट हवेला जागा राहत नाही, आणि कार्ब्युरेटरचा बाउल इंजिन चालवून रिकामा करा.

प्रश्न : गाडी ६ व्होल्टची आहे. बॅटरी नवी, सेल्फ नुकताच दुरुस्त केलेला, तरी सेल्फ रडतरडत फिरतो. १२ व्होल्ट करून टाकावी का?

थांबा. ६ व्होल्टची यंत्रणा नीट असेल तर सेल्फ व्यवस्थित मारतो. दोष बहुतेक वेळा वायरींत आणि अर्थिंगमध्ये असतो. तेवढीच ताकद अर्ध्या व्होल्टेजवर मिळवायला करंट दुप्पट लागतो. सेल्फ २०० अँपिअर घेत असेल आणि वाटेत जेमतेम पाच मिलिओहमचा रोध असेल, तर १ व्होल्ट वाटेतच संपतो. ६ पैकी १, म्हणजे सहावा हिस्सा गेला.

मल्टिमीटरचे एक टोक बॅटरीच्या अर्थच्या शिशाच्या खांबावर धरा, क्लॅम्पवर नव्हे. दुसरे इंजिन ब्लॉकच्या उघड्या धातूवर. सेल्फ मारताना ०.२ व्होल्टहून जास्त दिसले तर अर्थिंग खराब. मग बॅटरीचा दुसरा खांब आणि सेल्फचा टर्मिनल यांच्यात असेच मोजा, ०.३ पर्यंत ठीक. सेल्फ फिरत असताना बॅटरीवरच ५ व्होल्टच्या खाली उतरत असेल तरच बॅटरीवर किंवा सेल्फवर संशय घ्या.

आढळणारी कारणे ठरलेली आहेत. कुणीतरी १२ व्होल्टच्या गाडीची बारीक केबल बसवलेली असते. इथे ५० ते ७० चौरस मिलिमीटर तांबे हवे. अर्थची पट्टी रंगावर बसवलेली असते. इंजिन रबरी माउंटिंगवर असूनही इंजिन ते चॅसी अशी वेगळी पट्टी नसते. आणि समुद्रकाठी केबलच्या दाबलेल्या टोकात हिरवट-पांढरी बुरशी धरते, ती बाहेरून दिसत नाही. केबल टोकाशी वाकवली की करकर आवाज येतो. सगळे सांधे चकचकीत धातूपर्यंत घासा, घट्ट आवळा, मग वरून पेट्रोलियम जेली लावा.

जुन्या ब्रिटिश गाड्यांत बॅटरीचे पॉझिटिव्ह टोक चॅसीला जोडलेले असते. मोबाइल चार्जर किंवा रेडिओ जोडण्याआधी ते तपासा. १२ व्होल्टच्या बॅटरीने ‘जंप’ देण्याचा मोहही टाळा; सेल्फ फिरेल, पण त्याच वेळी इग्निशन, दिवे आणि मीटर चालू असतील तर ते जळतील.

प्रश्न : आधुनिक सिंथेटिक ऑइल जुन्या इंजिनाला चांगले ना?

इंजिन आतून कधी उघडले होते, यावर ते ठरते. ऑइल फिल्टर नसलेल्या इंजिनात वर्षानुवर्षांचा गाळ संपच्या (इंजिनाखालच्या ऑइलच्या भांड्याच्या) तळाशी निवांत बसलेला असतो. भरपूर डिटर्जंट असलेले आधुनिक ऑइल तो उठवते आणि पंपाची जाळी बुजते. संप उतरवून, जाळी धुऊन घेतली असेल तर साधे २०डब्ल्यू-५० घट्टपणाचे ऑइल खुशाल वापरा, मात्र १५०० किलोमीटरला बदला. १९५०-६०च्या दशकांतल्या, जड व्हॉल्व्ह स्प्रिंग असलेल्या इंजिनांत कॅम आणि टॅपेटला झिंक-फॉस्फरसचे संरक्षण लागते, साधारण १००० ते १२०० पीपीएम (दशलक्षात इतके भाग). एपीआय एसपी दर्जाच्या पातळ ऑइलमध्ये फॉस्फरसची कमाल मर्यादा ८०० पीपीएम आहे, म्हणून ते इथे नको.

गिअर बॉक्समध्ये पितळ-ब्राँझचे भाग असतील तर जीएल-४ दर्जाचे गिअर ऑइल वापरा. जीएल-५ मधले गंधकयुक्त घटक गरम झाल्यावर ब्राँझ खातात. मागच्या ॲक्सलला ब्राँझच्या चाकाचा वर्म ड्राइव्ह (स्क्रूसारख्या दांड्याने फिरणारे दातेरी चाक) असेल तर ही काळजी दुप्पट घ्या.

प्रश्न : तीन महिन्यांनी गाडी बाहेर काढायला गेलो तर मागची चाके हलेनात.

हँडब्रेक ओढून ठेवला होता. दमट हवेत लायनिंग ड्रमला गंजाने चिकटते. गिअर टाकून जोर लावू नका, लायनिंग शूवरून उखडते. ॲडजस्टर पूर्ण सैल करा, ड्रमच्या कडेवर लाकडी ठोकळा ठेवून गोल फिरत हातोडीने ठोका, गाडी पुढे-मागे डोलवा. पुढच्या वेळी हँडब्रेक मोकळा ठेवून चाकांना लाकडी अडसर लावा.

ब्रेक उघडले आहेतच तर सिलिंडरही पाहा. ग्लायकॉलचे ब्रेक ऑइल पाणी शोषते. नवे डॉट ४ दर्जाचे ब्रेक ऑइल किमान २३० अंशाला उकळते, पाणी शोषल्यावर तीच किमान हद्द १५५ अंश धरली जाते. हेच पाणी व्हील सिलिंडरला आतून खड्डे पाडते. दर दोन वर्षांनी सगळे ऑइल बदला. रबरी सील पेट्रोलने किंवा इंजिन ऑइलने पुसू नका, ती फुगतात. ताजे ब्रेक ऑइल किंवा स्पिरिट वापरा. मेळाव्याच्या सकाळी पॅडल पूर्ण जोराने मिनिटभर दाबून धरा. ते सावकाश खाली जात असेल तर मास्टर सिलिंडर गळतो आहे आणि गाडी घरीच राहू द्या. या गाड्यांत ब्रेकची एकच लाइन असते. एक सील गेले की चारही चाकांचे ब्रेक जातात.

प्रश्न : विंटेज, क्लासिक, व्हेटरन यांत फरक काय? आणि आमच्या १९३४च्या चकचकीत गाडीला (फोटो सोबत पाठवला आहे) परीक्षकांनी कमी गुण का दिले?

जुन्या वाहनांची आंतरराष्ट्रीय संघटना ‘फिवा’ किमान तीस वर्षे जुन्या वाहनाला ऐतिहासिक मानते. तिच्या वर्गवारीत १९०४ अखेरपर्यंतच्या गाड्या ‘ॲन्सेस्टर’, १९०५ ते १९१८ ‘व्हेटरन’, १९१९ ते १९३० ‘विंटेज’, १९३१ ते १९४५ ‘पोस्ट विंटेज’. त्यामुळे तुमची १९३४ची गाडी काटेकोर अर्थाने विंटेज नाही. ‘क्लासिक’ची व्याख्या मात्र क्लबागणिक बदलते. अटी किती कडक असू शकतात ते पाहायचे तर लंडन ते ब्रायटन ही समुद्रकाठी संपणारी फेरी पाहा. नोव्हेंबर १८९६मध्ये वेगमर्यादा ताशी १४ मैल झाली, त्या आनंदात निघालेल्या फेरीची ती आठवण आहे, आणि तिथे १ जानेवारी १९०५ पूर्वी बनलेल्याच गाड्या घेतात. ती शर्यत नाही, पोहोचणे महत्त्वाचे.

गुणांचे म्हणाल तर परीक्षक चकाकी मोजत नाहीत, खरेपणा मोजतात. १९२०च्या दशकाच्या अखेरीपर्यंत गाड्यांवर निकेल असे, त्याला किंचित पिवळसर, उबदार झाक असते. १९२५च्या गाडीच्या रेडिएटरवर निळसर क्रोम दिसले की जाणकाराला लगेच कळते. तसेच स्क्रूचे. अधिक चिन्हाच्या खाचेचे फिलिप्स स्क्रू १९३६च्या सुमारास कॅडिलॅकपासून मोटारींत आले. त्याआधीच्या गाडीच्या फळीवर ते असतील तर गुण जाणारच. फोटोतल्या तुमच्या डॅशबोर्डवर ते चार दिसतात. एकेरी खाचेचे, गोल डोक्याचे पितळी स्क्रू मिळतात, बदलून घ्या. आणि पुढच्या वेळी मूळ रंग, मूळ लेदर तग धरून असेल तर ते राखा. झिजलेले अस्सल लेदर नव्या लेदरपेक्षा गाडीबद्दल जास्त सांगते, आणि एकदा काढून टाकले की कुठल्याही कारागिराला ते परत आणता येत नाही.

प्रश्न : आमचा छोटा गट किनाऱ्यावर पहिलाच मेळावा भरवतो आहे. वाळूवर गाड्या छान दिसतील. काय काळजी घ्यावी?

वाळूवर नको, फोटोसाठीसुद्धा नको. अरुंद टायरच्या जड गाड्या रुततात, बाहेर काढताना क्लच जळतो, आणि ओली वाळू ड्रममध्ये, स्प्रिंगांत, ग्रीस निपलभोवती जाऊन बसते. पक्क्या जमिनीचा वाहनतळ घ्या. भरतीच्या लाटांचे तुषार जिथवर येतात त्यापलीकडचा; त्या दिवशीच्या भरतीची वेळ आधी पाहून ठेवा. गाड्यांमध्ये दरवाजा पूर्ण उघडून माणूस जाईल एवढे, म्हणजे निदान दीड मीटर अंतर. प्रत्येक गाडीखाली ऑइलसाठी ट्रे.

आग विझवण्याची साधने प्रत्येक पाच-सहा गाड्यांमागे एक तरी हवीत. कोरडी पावडर पेट्रोलची आग विझवते, पण ती पावडर ओलीत ॲल्युमिनिअम आणि वायरिंग खाते, म्हणून सोबत फोम किंवा कार्बन डायऑक्साइडही ठेवा. आग मोठी असेल तर पावडरने होणाऱ्या नुकसानीचा विचार करू नका, पावडर मारा. बॉनेटखाली आग दिसली तर बॉनेट पूर्ण उघडू नका, फटीतून मारा.

फेरीत सर्वांत संथ गाडी पुढे, म्हणजे बाकीच्यांना वेग तिच्याप्रमाणे ठेवता येतो. मात्र चढावर सगळ्या तिच्यामागे अडकून तापतात, म्हणून मार्ग सपाट निवडा आणि रस्त्याच्या कडेला थांबायच्या जागा मधेमधे ठेवा. मागे टोइंगची गाडी हवी, दोरीवर भागवू नका.

प्रश्न : टायरची नक्षी नव्यासारखी आहे. चालवावे का?

नक्षीवरून जुन्या गाडीच्या टायरचे वय कळत नाही, कारण ते झिजण्याआधीच म्हातारे होतात. २०००नंतर बनलेल्या टायरवर शेवटचे चार आकडे आठवडा आणि वर्ष सांगतात : ३२१४ म्हणजे २०१४चा बत्तिसावा आठवडा. तीनच आकडे असतील तर टायर गेल्या शतकातले, ते काढाच. बाजूच्या भिंतीवर हवा भरलेल्या अवस्थेत बारीक भेगा दिसल्या तरी काढा. क्रॉसप्लाय (आतले धागे तिरपे एकमेकांवर असलेले) आणि रेडियल (धागे आडवे, सरळ असलेले) टायर एकाच ॲक्सलवर एकत्र लावू नका. नवे टायर घालताना रिमच्या आतला गंज घासून रंग द्या आणि ट्यूब व रिमची पट्टी दोन्ही नव्या घ्या. गंजाच्या खडबडीत कडेने ट्यूब घासून फाटते.